स्वतःच मोहात पडणाऱ्याने दुसऱ्यांना विश्वासात कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न मोठा आहे, मला समजला तो असा. तुम्ही मंडळीत तरुणांचा ग्रुप बघता, वचन सांगता, प्रार्थना घेता, आणि रात्री एकटे पडलात की फोनवर जे बघायला नको ते बघता, मग रडता, देवाकडे माफी मागता, काही दिवस बरे जातात आणि परत तेच. दुसरीकडे कॅम्पमध्ये ज्या पोरांनी डोळ्यात पाणी आणून येशूला जीवन दिलं त्यातली बरीच सहा महिन्यांत दिसेनाशी होतात. तर आधी काय नीट करायचं, आणि मी लीडर राहावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं पाळकीय काम करतोय आणि मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. तुम्हाला आणि त्या पोरांना एकच गोष्ट कुणी शिकवलेली नाही, ती म्हणजे पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं. पडू नकोस हे सगळे सांगतात, कॅम्पमध्ये तर मोठमोठ्याने सांगतात, पण पडल्यावर काय, हे कुणी बोलत नाही, कारण त्याबद्दल बोललं तर पोरांना सूट दिल्यासारखं होईल अशी भीती असते. मग तुम्ही ते लपवता, आणि ती पोरं यायचं बंद करतात. इतकाच फरक.

आधी तुमचं बघू. मोह होणं हे पाप नाही, हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. इब्री 4:15 मध्ये सरळ लिहिलंय की येशूची आपल्यासारखीच सर्व प्रकारे पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे विचार मनात आला म्हणून तुम्ही हरला नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण मी बघितलंय, पोरांच्या मनात विचार आला रे आला की ती म्हणतात, झालं, मनात पाप केलंच आहे, आता पुढचं केलं काय आणि न केलं काय. हा हिशोब सैतानाचा आहे. याकोब 1:14-15 वाचा, तिथे पायऱ्या आहेत. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलतो, मग वासना पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरण. ओढलं जाणं आणि पाप यांच्यामध्ये जागा आहे, थोडीच आहे पण आहे, आणि सगळी लढाई त्या जागेत आहे.

आता ती जागा तुमच्या बाबतीत कुठे आहे ते बघू. रात्रीचे साडेअकरा. दिवस खराब गेलाय, कुणीतरी टाकून बोललंय, किंवा काहीच झालेलं नाहीये आणि नुसता कंटाळा आलाय. फोन लांब चार्जिंगला लावायचा तो उशीशी लावला. एक मेसेज बघायचा होता. तो बघून झाला, मग रील्स, मग एक रील जराशी तशी, अंगठा क्षणभर थांबला, आणि फोनला ते कळलं, पुढची त्याहून तशी. फक्त पाच मिनिटं. दार लोटलेलं आहे ना हे बघायला तुम्ही एकदा उठलात. तुम्हाला वाटतं मोह त्या शेवटच्या साइटवर आला, आणि तिथे तुम्ही दात-ओठ खाऊन प्रार्थना करता, प्रभू मला शक्ती दे. पण उतारावर गाडी सुटल्यावर ब्रेक शोधण्यासारखं आहे ते. निर्णय तर उशीशी फोन लावला तेव्हाच झाला होता. म्हणून मी लोकांना सांगतो, तुमची प्रार्थना रात्री दहाला करा आणि ती करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या, साधं घड्याळ घ्या अलार्मला. हे ऐकून काही जणांना वाटतं की हे काय आध्यात्मिक नाही. अहो, योसेफाने काय केलं? उत्पत्ति 39 मध्ये पोटीफरच्या बायकोने वस्त्र धरलं तर त्याने तिथे उभं राहून प्रार्थनासभा घेतली नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आणि प्रेषित पौलही करिंथकरांना आणि तीमथ्याला हेच सांगतो, अशा गोष्टींपासून पळ.

इथे एक फरक ध्यानात घ्या, कारण बऱ्याच प्रवचनांत सगळ्या मोहांना एकच औषध सांगतात. शरीराच्या मोहापासून पळायचं असतं. पण भीतीपोटी खोटं बोलायचा मोह, ऑफिसात खोट्या बिलावर सही करायचा मोह, चारचौघांत विश्वास लपवायचा मोह, इथे पळून चालत नाही, इथे उभं राहायला लागतं, इफिस 6 मधली शस्त्रसामग्री या अशा वेळेसाठी आहे. आणि रागाचं तर अजून तिसरंच, तिथे ना पळणं ना लढणं, तिथे गप्प बसणं. आपला मोह कुठल्या जातीचा आहे हे ओळखलं नाही तर माणूस नको तिथे शूर होतो.

वचन वापरायचं कसं, तेही बघा. मत्तय 4 मध्ये येशूने तीन वेळा उत्तर दिलं, तिन्ही वेळा जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातून, 8:3, 6:16 आणि 6:13. हे अध्याय कशाबद्दल आहेत? इस्राएल लोक 40 वर्षं रानात होते, तिथे त्यांना भूक लागली, त्यांनी देवाची परीक्षा पाहिली, त्यांना दुसऱ्या देवांचा मोह होता, त्याची आठवण मोशे करून देतोय. आणि येशू 40 दिवस रानात उपाशी आहे. त्याने पाठ केलेली ओळ मंत्रासारखी फेकली नाही, आपण कुठल्या गोष्टीत उभे आहोत आणि आधीचे लोक इथे कुठे घसरले हे त्याला माहीत होतं. वचन तर सैतानानेही म्हटलं, स्तोत्र 91 मधलं. म्हणून फोनच्या वॉलपेपरला वचन लावून काही होत नाही, अंगठा त्या वचनावरूनच फिरून लॉक उघडतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा साधू होता, त्याने माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले, खादाडपणा, वासना, लोभ, दुःख, राग, कंटाळा, फुशारकी, गर्व, आणि प्रत्येकाला उलटून काय बोलायचं यासाठी शास्त्रातली वचनं वेगवेगळी काढून ठेवली. मला ही पद्धत आवडते. सगळं बायबल पाठ करायला जाऊ नका, तुमचा जो खड्डा आहे त्याच्यासाठी दोन-तीन वचनं शोधा, त्यांचा पूर्ण अध्याय वाचा, आणि ती तोंडाने, आवाज काढून म्हणायची सवय लावा.

आणि झोपा. खरंच सांगतोय. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत होता, देवाने त्याला आधी उपदेश केला नाही, झोपू दिलं, दूताकरवी खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं त्यानंतर. दमलेला, चिडलेला, एकटा माणूस कुणाचंच ऐकत नाही, वचनाचंही नाही.

आता खरा मुद्दा, पडल्यानंतरचा. लूक 22 मध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, आधीच सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पेत्र अजून पडलेलाही नाही आणि त्याच्या परत येण्याची व्यवस्था झालेली आहे, वर परत आल्यावरचं कामही ठरलंय! ती रात्र बघा, पेत्राने तीनदा नाकारलं, यहूदाने धरून दिलं. पस्तावा दोघांनाही झाला, मत्तयाने यहूदाबद्दलही तसं लिहिलंय. पण यहूदा आपला पस्तावा घेऊन याजकांकडे गेला आणि ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. पेत्र रडला आणि बाकीच्यांच्यात राहिला. म्हणून तो सापडला. योहान 21 मध्ये तो इतर शिष्यांबरोबर मासे धरायला गेलेला आहे, एकटा नाही.

तुम्ही प्रत्येक वेळी देवाकडे कबुली देता, चांगलंच आहे, 1 योहान 1:9 प्रमाणे तो क्षमा करतो, त्यात शंका घेऊ नका. पण याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही आहे, आणि ते आपण सगळे गिळून बसलोय. कारण उघड आहे, देवासमोर लाज कमी वाटते, माणसासमोर जास्त. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1738 मध्ये आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले, ते लोक आठवड्यातून एकदा भेटत आणि प्रत्येकाला विचारलं जाई की मागच्या भेटीनंतर कुठलं पाप घडलं, कुठले मोह आले, त्यातून कसा सुटलास. दर आठवड्याला! आपल्याकडे असं विचारलं तर पुढच्या वेळी अर्धा गट येणार नाही, त्यामुळे मी गटात विचारा असं म्हणत नाही. एक माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई, विश्वासात मुरलेला, तोंडाचा घट्ट, आणि ज्याला तुमच्या पडण्याने धक्का बसणार नाही असा. त्याला एकदा समोर बसून सगळं सांगा, गोल गोल नको, "मी जरा स्ट्रगल करतोय" वगैरे नको, काय बघता, कधी, किती वेळा, ते सरळ. त्यानंतर करार एवढाच, मोह चढायला लागला की मेसेज टाकायचा, "आज अवघड जातंय", आणि त्याने फोन करायचा. पडल्यानंतर टाकायच्या मेसेजपेक्षा पडायच्या आधी टाकलेला मेसेज जास्त कामाचा. आणि त्या माणसालाही सांगून ठेवा की तो तुमचा पोलीस नाही, रोज हजेरी घ्यायला लागला तर तुम्ही आठवड्याभरात खोटं बोलायला शिकाल.

एवढं करूनही काही महिन्यांत काहीच हललं नाही, झोप, काम, घर बिघडायला लागलं, तर समुपदेशक किंवा डॉक्टरकडे जा. व्यसन झालेलं असू शकतं, आणि त्यासाठी मदत घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

आता पोरांचं. ती गळतात याचं सगळं ओझं स्वतःवर घेऊ नका, पेरणाऱ्याच्या दाखल्यात येशूने हे आधीच सांगून ठेवलंय. मार्क 4, खडकाळ जागेवरचं बी. ते वचन आनंदाने लगेच स्वीकारतात, मूळ नसतं, संकट आलं की लगेच अडखळतात. लगेच स्वीकारतात, लगेच अडखळतात, दोन्हीकडे तेच. आपल्या कॅम्पची शेवटची रात्र आठवा, गाणी, अंधार, रडणं, हात वर करा. मी कॅम्पच्या विरोधात नाही, तिथे देव भेटतो लोकांना, माझ्यासमोर भेटलाय. पण त्या रात्रीचा हिशोब आपण पीक म्हणून मांडतो, आणि ती तर पेरणी असते. सुरुवातीच्या मंडळीत रोमच्या हिप्पोलिटसच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी नियमावली आहे, त्यात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिक्षण घ्यायला सांगितलंय, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी विचारायचं काय, तर त्या काळात विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का. आपण काय विचारतो? हात वर केला होता ना, मग नाव लिही.

येशू स्वतः माणसं येताना घाई करत नव्हता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लूक 14 मध्ये तो म्हणतो बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब कर. मार्क 10 मध्ये तो श्रीमंत माणूस आला, येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं लिहिलंय, आणि तरीही अट खाली आणली नाही, तो खिन्न होऊन निघून गेला तर जाऊ दिलं. योहान 6 मध्ये पुष्कळ शिष्य परत गेले तेव्हा त्याने बारा जणांना विचारलं, तुम्हीही जाता का? आपण असतो तर पुढच्या रविवारी मेसेज सोपा केला असता. म्हणून पोरांना नोकरी लागेल, लग्न जमेल, आजार जाईल, अशी आशा लावून आणू नका. देव हे देतो, बऱ्याचदा देतो, पण तुम्ही त्याच्या नावाने वायदा केलात आणि ते झालं नाही की पोरगा तुम्हाला नाही, देवाला खोटं ठरवून जातो. आणि दबाव तर अजिबात नको, घरच्यांशी भांडायला लावून तर मुळीच नको. मार्क 5 मध्ये भूतग्रस्त बरा झाला, येशूबरोबर राहायला विनवत होता, त्याला येशूने घरी पाठवलं, आपल्या लोकांकडे जा आणि प्रभूने काय केलं ते सांग.

वाद घालून माणूस येत नाही हेही सांगतो. पुढे मोठा ख्रिस्ती शिक्षक झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका, मुलगा भलत्या पंथात अडकलेला, बाई एका बिशपकडे जाऊन मागे लागली की त्याच्याशी बोला, त्याला चुकीचं पटवून द्या. बिशप नाही म्हणाला. आत्ता तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त प्रार्थना कर. ऑगस्टीन वळला 386 मध्ये, मिलानमध्ये, आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला, मधे कितीतरी वर्षं गेली. त्यानेच लिहून ठेवलंय की तरुणपणी तो प्रार्थना करायचा, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. तुमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या पोरांची मनातली प्रार्थना हीच असते, फक्त ती म्हणून दाखवत नाहीत.

आणि ती जातात कधी? माझ्या अनुभवात शंका आल्यावर कमी जातात, लाज वाटल्यावर जास्त जातात. एक मुलगा होता, गाणी गायचा, सगळ्यात पुढे, अचानक यायचा बंद. ग्रुपवर सगळ्यांनी मेसेज टाकले, मिसिंग यू ब्रो, प्रेयिंग फॉर यू, त्याने ग्रुप म्यूट केला. मी भेटायला गेलो, का येत नाहीस असं विचारलं नाही, तुझं कसं चाललंय विचारलं आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पास्टर, मी काय करतो ते तुम्हाला माहीत नाही. तिथे उभं राहून गायलं की नाटक करतोय असं वाटतं." विश्वास सोडलाच नव्हता त्याने. उलट देवाला इतकं खरं मानत होता की त्याच्यासमोर यायची भीती वाटत होती. त्याला वाटत होतं की खऱ्या विश्वासणाऱ्याला असं होत नाही, आणि त्याला तसं वाटायचं कारण आम्ही होतो, आमच्या सगळ्या साक्षी कशा असायच्या, मी आधी असा होतो, प्रभू भेटला, सुटलो, हालेलुया. परवा काय झालं, काल कुठे अडकलो, ते कुणी बोलतच नव्हतं.

म्हणून विश्वासात आलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगा, तू पडशील. घाबरवायला नाही, येशूने पेत्राला सांगितलं तसं. पडलास त्या दिवशी मला फोन कर, लपलास तर मी शोधत येईन. हे वाक्य बोलायला सोपं आहे, मग खरंच शोधत जावं लागतं, तिथे वेळ जातो, आणि पन्नास पोरांच्या मागे एक माणूस जाऊ शकत नाही. तेव्हा कॅम्पला जाण्याआधीच ठरवा की कोण कुणाच्या मागे राहणार, एकाकडे दोन-तीन पोरं, जास्त नाहीत. तेवढी माणसं नसतील तर कॅम्प छोटा करा. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की आम्ही तुम्हाला सुवार्ताच नाही तर आपला जीवही द्यायला तयार होतो, 1 थेस्सल 2:8. स्टेजवरून हे होत नाही.

अजून एक वेळ असते जेव्हा लोक गळतात, वर्ष-दीड वर्षानंतरची, तिथे पाप वगैरे काही नसतं, नुसता कोरडेपणा. प्रार्थना भिंतीवर आपटून परत येते, उपासना लांबते. वर ज्या इव्हाग्रियसबद्दल लिहिलं त्याने याला दुपारचा भूत म्हटलंय आणि वर्णन इतकं नेमकं केलंय की हसू येतं. सूर्य जागचा हलतच नाही असं साधूला वाटतं, तो सारखा खिडकीकडे बघतो, जेवायला किती वेळ राहिला ते मोजतो, आणि मग त्याच्या मनात येतं की या भावांमध्ये आता प्रेमच उरलेलं नाही, दुसरीकडे कुठेतरी जावं. सोळाशे वर्षं झाली याला! तुमच्या ग्रुपमधला मुलगा जेव्हा म्हणतो "इथे कुणी कुणाचं नाही, मी दुसरी मंडळी बघतोय," तेव्हा कधी कधी खरंच मंडळीचं चुकलेलं असतं, ते तपासा, पण कधी कधी हा तोच दुपारचा भूत असतो. त्याला भाषण देऊ नका, एक छोटं ठरलेलं काम द्या, आजाऱ्याला भेटायला बरोबर न्या, रोज एकच स्तोत्र वाच म्हणा आणि काही वाटलं पाहिजे ही अपेक्षा सोडायला सांगा. हे दिवस जातात. ते जातात हे आधी माहीत असलेला माणूस थांबतो, माहीत नसलेला समजतो की आपला विश्वास संपला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, लीडर राहावं का. हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, मीही इथून ठरवणार नाही. या आठवड्यात तुमच्या पास्टरांना किंवा मंडळीच्या वडीलजनांपैकी एकाला भेटा आणि वर म्हटलं तसं सरळ सांगा, ते ठरवतील. बहुतेक ते काही दिवस शिकवायचं थांबवून बाकी कामात राहायला सांगतील, ते शिक्षा म्हणून घेऊ नका, गलती 6:1 मध्ये पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितलंय, त्याचाच तो भाग आहे. मात्र या सगळ्यात ग्रुपमधलं कुणी ओढलं गेलेलं असेल, कुणाला नको ते मेसेज गेले असतील, कुणी वयाने लहान असेल, तर मग थांबायचं नाही, आजच काम सोडायचं, आजच सांगायचं, आणि कायद्याने जिथे कळवावं लागतं तिथे कळवायचं, मंडळीचं नाव खराब होईल म्हणून झाकायचं नाही. तसं काही नसेल तर पास्टरांना आत्ताच फोन करून वेळ मागून घ्या, उद्यावर टाकलंत तर उद्या तुम्हाला बरं वाटत असेल आणि सांगायची गरज वाटणार नाही.